नदीपलीकडचा जाहीरनामा आणि खैरवाडीच्या चौकटी

मी जन्मात कधी निवडणुकीला उभा राहिलो नाही. पण एका निवडणुकीतली आश्वासनं पुरी करायचं काम माझ्या अंगावर पडलं होतं, आणि ती निवडणूकसुद्धा आमच्या राज्यातली नव्हती. मी साखरा गावचा सुतार. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. तिकडं माणसं मतं द्यायची. आमच्याकडंही मत असायचं, पण ते घरात बायकोला सांगायचं, तेसुद्धा तिची मर्जी बघून.

सुतार म्हटलं की लोकांना रंधा आठवतो. खरं तर माझा निम्मा जन्म गिऱ्हाइकाची समजूत घालण्यात गेला. सेनगावजवळ दोन भावांची वाटणी झाली. दार एकच, तर म्हणाले, दाराची एक फळी याची, एक त्याची, मधे सामाईक काही नको. दिलं करून. थोरला अंगानं भरलेला. आपल्या अर्ध्या दारातून आडवा होऊन आत शिरताना असा अडकला की धाकट्यानं आपली फळी उघडून त्याला आत ओढून घेतलं. दोघं आधी भांडले, मग हसले, आणि वाटणी तिथंच मोडली. माझी मजुरी मात्र दोघांनीही दुसऱ्याकडून घे म्हणून सांगितली. एका गुरुजींना करकरणारं दार खपायचं नाही. तेल पाजून पाजून मी ते मुकं केलं, आणि घरात चोरी झाल्यावर तेच म्हणाले, मिस्तरी, थोडं करकरू द्या हो.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मातीच्या घरात चौकट आधी उभी राहते आणि भिंत मागून येते. जागा ठरली की चौकट पुरायची, तिला दोन्हीकडून तिरपे टेकू द्यायचे, मग तिच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या मातीचे थर चढवायचे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालता येत नाही, त्यामुळं कैक दिवस चौकट एकटीच मोकळ्यावर उभी असते. ती बसवताना हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पिवळ्या फडक्यात हळकुंड आणि सुपारी बांधून वरच्या पट्टीला लटकवतात. आणि आमच्याकडं रीत अशी, की ज्या सुतारानं चौकट बसवली त्यानंच ती काढायची, आणि तीही घरच्या बाईला विचारून. दुसऱ्या कुणी उपसली तर त्याच्या घराला दार राहत नाही असं लोक मानायचे. मी मानतो का, ते विचारू नका. पण दुसऱ्याची चौकट मी कधी उपसली नाही.

खैरवाडी हे आमच्या शेजारचं जागिरीचं गाव. जागीरदार हैदराबादेत, त्यांना खैरवाडीतल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. कारभार बघायचे त्यांचे मुखत्यार. शेत जागीरदाराचं, कसणारी कुळं, आणि गावठाणातली जागासुद्धा जागीरदाराचीच. कुळानं कुडाचं खोपट घालावं, त्याला ना नव्हती. पण चौकट बसवायची तर मुखत्यारांची परवानगी पाहिजे, आणि ती सहसा मिळायची नाही. खोपटातला माणूस ऊठ म्हटलं की उठवता येतो. चौकट बसली की ते घर झालं, आणि घरातल्या माणसाला ऊठ म्हणायला मुखत्यारांनाही जड जायचं.

हे मुखत्यार माणूस म्हणून वाईट नव्हते. शेरवानी, पायात चकचकीत बूट, बोलणं तोलून मापून. कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. ज्याला उठवायचं त्यालाही ते तकलीफ माफ म्हणून उठवायचे.

येसाबाईला त्यांनी असं तीनदा उठवलं होतं. एकदा त्या जागेवर कडब्याची गंजी लावायची होती, एकदा घोड्याला सावली पाहिजे होती, तिसऱ्यांदा काय होतं ते मुखत्यारांनाही आठवत नसावं. येसाबाई अंगानं काटकी, जिभेनं तिखट. नवरा किसन तिच्या बोलण्यात फट सापडली तरच बोलायचा. तिच्या बापानं लग्नात सागाचं एक कवाड दिलं होतं. खोपटाला चौकट नाही, म्हणून ते नुसतं टेकवून ठेवायचं. खोपट हललं की किसन ते डोक्यावर घेऊन पुढं, चूल आणि पोरं मागं, अशी वरात निघायची. दर वेळी त्या कवाडाचं काहीतरी निखळायचं आणि मला बोलावणं यायचं.

दर वेळी ती म्हणायची, "मिस्तरी, मला वाडा नको, माळवद नको. हे कवाड एकदा बसलं की पुन्हा उचलायचं न्हाई, एवढंच पाहिजे."

मी मान डोलवायचो. दुसरं काय करणार होतो?

सालाचा हिशेब मला नीट नाही, पण लढाई संपली होती आणि रॉकेल अजून मापानंच मिळत होतं. मी लाकडासाठी रिसोडला गेलो, तर तिथं निवडणुकीचा हंगाम. भिंतीभिंतीला कागद, चौकाचौकात भाषण. जो तो पक्ष आपण निवडून आलो तर काय करू ते छापून वाटत होता. त्याला जाहीरनामा म्हणतात हे मला तिथंच कळलं. एक म्हणे कसेल त्याची जमीन, दुसरा म्हणे कुळानं भरायचा खंड निम्मा करू, तिसरा म्हणे दोन्ही करू आणि वर विहीर देऊ. लाकडाच्या वखारवाल्यानं मला सागाच्या फळ्यांबरोबर गूळ दिला, तो एका जाहीरनाम्यात बांधून.

परत येताना नदीच्या अलीकडं निजामाचा करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीची चौकी. बाहेरचे राजकारणाचे कागद आमच्या राज्यात आणायला बंदी होती. शिपायानं गूळ सोडला आणि कागद धरला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच वाचायला लावलं. मी घाबरत घाबरत वाचलं. घराचं कलम आलं तशी त्यानं बंदूक भिंतीला टेकवली आणि खाली बसला.

"अपना मकान किराये का है," तो म्हणाला. "हमारे वास्ते कुछ लिखा है क्या?"

मी सांगितलं, हे फक्त नदीपलीकडं लागू, तेही निवडून आले तर. तो खरोखरच हिरमुसला.

"फिर तो ये गूडकाच कागज है," म्हणाला. "जाओ."

दुसऱ्या दिवशी मी खैरवाडीत एका गाडीचं जू बसवायला गेलो होतो. दुपारी पारावर भाकरी सोडली, गुळाचा कागद निघाला, आणि मला वाचता येतं हे सगळ्यांना माहीत. मग काय, वाच म्हणाले. मी वाचलं. गावातल्या कुळांत सगळ्यात जुने दाजीबा कानाला हात लावून ऐकत होते. त्यांनी विचारलं की हे कुणाचं फर्मान. आमच्याकडं छापलेला कागद म्हणजे फर्मानच असायचं, दुसरा कुठला छापलेला कागद गावात यायचाच नाही. मी म्हटलं, फर्मान नाही, आम्हाला निवडून द्या, मग आम्ही असं करू, असं लिहून देऊन राहिलेत. दाजीबांना हे काही केल्या पटेना. जो आपल्या दारात मागायला आलाय तो देणारा कसा असंल, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. नंतर पुष्कळ निवडणुका पाहिल्या, आणि दर वेळी मत मागणारा दारात आला की मला दाजीबा आठवतात.

येसाबाईनं घराचं कलम दुसऱ्यांदा वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं, राहत्या घराची जागा राहणाऱ्याच्या नावे करू. ती म्हणाली, जमिनीचं राहू द्या, ते लांबचं हाय, घराचं सांगा. खोपटाला घर धरतेत का? मी धंद्याचं बोललो. म्हटलं, चौकट असली तर घर, नाहीतर खोपट, असंच जगात धरतात. मग तिनं विचारलं, हा कायदा इकडं कधी येईल? मी जीव तोडून सांगितलं की तो कायदा नाही, आणि इकडं यायचा तर मधे नदी आहे, राज्य वेगळं आहे.

येसाबाई म्हणाली, "पैनगंगेला पाणी गुडघ्याएवढं. कायद्याला काय होडी लागतीय?"

पारावर सगळे हसले. मीही हसलो आणि जू बसवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात खैरवाडीची रांग. कुणी बाभळीचं खोड आणलेलं, कुणी कडुनिंबाचं, एकानं तर मोडक्या गाडीची साटी उचलून आणली होती. सगळ्यांची मागणी एकच, चौकट. त्यांचा हिशेब असा, की कायदा आज ना उद्या येणार. तो आला की घरं बघत फिरणार. त्या वेळी ज्याच्या दारात चौकट दिसेल त्याची जागा त्याची, आणि ज्याचं खोपट दिसेल तो गेला कामातून. भिंती काय, होतील सावकाश. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, सगळ्यांनी मिळून बसवल्यावर मुखत्यार कोणाकोणाला विचारतेत?

पुन्हा सगळं समजावून सांगितलं. माझं बोलणं त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, मग माझी चौकट कधी देतोस?

आमच्याच आळीतला लालभाई लोहार माझ्या जोडीनं काम करायचा. मी चौकट केली की त्यानं कडीकोयंडा करायचा. तो म्हणाला, मिस्तरी, पक्ष आपल्याला माहीत नाही, पण कामाला बराबर लावलं बुवा त्यानं. आम्ही दोघांनी महिनाभर दुसरं काही पाहिलं नाही. चैत्र लागला तोवर खैरवाडीच्या गावठाणात पंधरावीस चौकटी उभ्या होत्या, टेकू लावलेल्या, फळ्या बसवलेल्या, कड्या लावलेल्या. भिंत मात्र कुणाचीच नाही. ओढा आटत आलेला, मातीला पाणी पुरेना.

लांबून ते मोठं गमतीचं दिसायचं. दारंच दारं, आणि सगळ्या दारांतून आरपार शिवार दिसतंय. पण गंमत पुढंच आहे. बाया त्या उंबऱ्यांपुढं सडा घालू लागल्या, रांगोळी काढू लागल्या. पोरं बाजूनं पळायचं सोडून दारातूनच आतबाहेर करू लागली. एका सासूनं रागानं दार लावून घेतलं, तर सून बाहेर कडी वाजवत उभी. बाजूनं दोन पावलं टाकली असती तर झालं असतं. नाही टाकली. बाहेर उभ्यानं रडली आणि सासूनं दार उघडल्यावरच आत गेली.

येसाबाईनं तर कूड मोडून त्याच जागेवर चौकट घेतली होती. तिचं सागाचं कवाड मी त्यात बसवलं. चूल मोकळ्यावर, भांडी मोकळ्यावर, निजणं आभाळाखाली, आणि पुढं मात्र हे एवढं भक्कम दार. मी तिला म्हटलं, बाई, खोपट तरी ठेवायचं होतं, उद्या मुखत्यार नाही म्हणाले तर? तिनं कवाड लावलं, उघडलं आणि पुन्हा लावलं.

आणि मुखत्यार आलेच. चौकटी पाहून त्यांनी घोडा थांबवला. मग शिपायांना म्हणाले, उपसा. शिपाई जागचे हलेनात. तेही इथलेच, रीत त्यांनाही माहीत. त्यांनी सांगितलं की साखऱ्याच्या मिस्तरीनं बसवल्यात, त्यालाच बोलवा. मला बोलावलं. पाठोपाठ लालभाई आला, म्हणाला, कड्या माझ्या आहेत.

मुखत्यार मला म्हणाले, तुम्ही बसवल्या, तुम्हीच काढा. आवाज चढवला नाही, पण जागिरीच्या वाड्याचं, गाड्यांचं, नांगरांचं सगळं काम माझ्याकडं होतं आणि ते एका शब्दात जाणार हे मला कळत होतं. मी म्हटलं, काढतो साहेब, पण घरच्या बाईला विचारून काढायची रीत आहे, माझ्या आजापासून चालत आलीय. ते म्हणाले, ठीक आहे, मीच विचारतो. आणि पहिलीच चौकट येसाबाईची होती.

सगळं गाव पाहत होतं. येसाबाई आपल्या त्या नसलेल्या घरात बसून तूर पाखडत होती. चारी बाजू मोकळ्या. मुखत्यारांना जिथं होते तिथून हाक मारता आली असती, नाहीतर बाजूनं सरळ तिच्यापुढं जाऊन उभं राहता आलं असतं. पण माणूस रीतीभातीचा. ते चालत चालत दारापुढं आले. थांबले. खाकरले. तिनं पदर सावरला. मुखत्यारांनी वाकून बूट काढले, उंबऱ्याबाहेर जोडीनं ठेवले, मान खाली घातली, उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडला, आणि आत गेले.

येसाबाईनं घोंगडी पुढं सारली. ते बसले. तिनं तांब्या दिला. ते पाणी प्याले. तांब्या खाली ठेवला आणि वर पाहिलं, तर वर आभाळ.

लालभाईनं उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता.

येसाबाई अगदी हळू म्हणाली, "साहेब, हे घर न्हाई असं सांगायला आले व्हय? मंग पायातले काहून काढले?"

मुखत्यारांनी वळून दाराबाहेरच्या आपल्या बुटांकडं पाहिलं. मग इकडं, जिथं भिंत नव्हती. मग तिकडं. मी देवाचं नाव घेत होतो. आणि ते हसायला लागले. आधी ओठात, मग पोटात, मग डोळ्यांना रुमाल लावून. इतकी वर्षं त्यांना पाहत होतो, हसताना पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी म्हणाले, "बाई, ज्या घरचं पाणी प्यालो ते मोडा म्हणायला जीभ रेटत नाही. भिंती लवकर घाला. पाहुण्याला उन्हात बसवू नये."

उठले आणि त्याच दारातून, तसेच वाकून बाहेर आले. बूट घालताना मला म्हणाले, मिस्तरी, चौकट एवढी ठेंगणी कशाला केली? मी सांगितलं, आमच्यात ठेंगणीच करतात साहेब, येणाऱ्यानं वाकून यावं म्हणून. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की आता काम गेलंच. पण नाही गेलं. एकाला दिलं म्हणून बाकीच्यांनाही द्यावं लागलं, आणि गाड्यांनी नदीचं पाणी आणून मृगाच्या आत खैरवाडीच्या सगळ्या चौकटींना भिंती आल्या. हैदराबादेला त्यांनी काय कळवलं, देव जाणे.

नंतर रिसोडला गेलो तेव्हा वखारवाल्याला ही हकिगत सांगितली. तो कपाळाला हात लावून हसला. त्याचा पक्ष निवडून आला होता. म्हणाला, आम्ही मतं देऊन बसलो, आणि आमच्याकडं अजून कमिटी बसून राहिली. तुम्ही मत न देता घरं घेतली की रे. मी त्याला गूळ मागितला, पण कागदाशिवाय.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. त्यावर माझ्यापेक्षा शहाण्यांनी लिहिलंय. लुटालूट, जाळपोळीच्या भीतीनं खैरवाडी बहुतेक सगळी नदीपलीकडं जाऊन राहिली. येसाबाईला विचारलं, कवाड काढून गाडीत घालू का, तर नको म्हणाली, कडी ओढली आणि निघाली. लालभाई मागं राहिला, आणि रोज जाऊन त्या ओस गावातल्या कड्या ओढून पाहायचा. मग निजामाचं राज्य गेलं, खैरवाडी परत आली, वारं उलटं फिरलं, आणि भ्यायची पाळी मुसलमानांवर, म्हणजे लालभाईच्या घरावर आली. तेव्हा त्याची बायकापोरं येसाबाईच्या घरात राहिली. येसाबाई दारात बसून तूर पाखडायची, आणि तिला ओलांडून आत जायची कुणाची छाती झाली नाही. मी घरं पुष्कळ उभी केली, पण ते एक घर बांधल्याचा मला जितका अभिमान आहे तितका कशाचा नाही.

जमिनीचं मात्र लांबतच गेलं. किसन शेवटपर्यंत कूळ म्हणूनच कसत राहिला. पुढं पोरांच्या नावावर झाली असं ऐकलं, त्याला काही ते पाहायला मिळालं नाही. ही चुटपुट मला आहे. त्या कागदातलं पहिलं कलम जमिनीचंच होतं.

निजामाचं राज्य गेलं त्याच साली, अठ्ठेचाळीसच्या दिवाळीआधी, येसाबाईचा निरोप आला की हत्यारं घेऊन ये. गेलो. मुखत्यार हैदराबादेला निघून गेले होते, जागिरीच्या वाड्याला कुलूप होतं. येसाबाईनं मला घरामागं नेलं आणि भिंतीवर बोटानं रेघ ओढली. म्हणाली, इथं परसाकडं दुसरं दार पाड, सारखा वळसा घालावा लागतोय.

जागिरीच्या गावांत काम करून करून जिभेला वळण पडलेलं. मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "परवानगी कोणाची घेतली?"

येसाबाई माझ्याकडं बघतच राहिली. मलाही माझं बोलणं कानावर आल्यावर हसू यायला लागलं. ती मात्र हसली नाही. भिंतीपुढं सरळ उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला.

म्हणाली, "आता मला इचारायचं. इचार."

मी हात जोडून विचारलं, "बाई, इथं दार पाडू का?"

तिनं भिंतीकडं पाहिलं. परसातल्या शेवग्याकडं पाहिलं. आभाळाकडं पाहिलं. घाई म्हणून केली नाही. मी उभाच होतो, आणि आतून किसन विचारत होता की एवढा वेळ काय चाललंय.

मग ती म्हणाली, "पाड."